सड्यावर बॉक्साईटची खाण येतेय. अहवालात नेमकं काय बघायचं?

कुंभीकाठ

राम राम मंडळी. कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या एका गावासाठी विचारतोय. गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, ४० हेक्टरांत बॉक्साईटची खाण प्रस्तावित आहे, वर्षाला २ लाख टन माल काढायचा म्हणतात. पर्यावरण अहवालाचा मसुदा ग्रामपंचायतीत आलाय. इंग्रजीत साडेतीनशेच्या वर पानं, मराठी सारांश चौदा पानांचा. जनसुनावणीला महिनाही उरलेला नाही. सड्याच्या पायथ्याला तीन झरे आहेत आणि त्यातल्या एकावर गावची नळयोजना चालते. सारांशात झऱ्यांचं नावसुद्धा नाही.

हा दगड जातो कुठं, आणि सरकारला, गावाला त्यातून मिळतं काय? झरे आटतील का, हे आधी कळू शकतं का? सुनावणीत बोलायला माणसं भरपूर आहेत, पण "आमचा विरोध आहे" याच्या पुढं कुणाला काही सांगता येत नाही. विरोध करायचा की अटी घालायच्या ते गाव ठरवेल. आधी आकडे कळू देत.

जांभादगड

दगडापासून सुरू करू. आपल्याकडचा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साईड) १४-१५ टक्के आणि सिलिका पन्नासच्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्यावर लाखो वर्षं पाऊस आणि ऊन खाऊन त्यातली सिलिका धुपून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिना मागं राहिलं. लोह जास्त राहिलं तो जांभा, अ‍ॅल्युमिना ४० टक्क्यांच्या वर गेलं ते बॉक्साईट. म्हणून ते फक्त उंच सपाट सड्यांवर सापडतं, आणि तेही सलग थरात नाही. जांभ्यात मधेमधे कप्पे असतात. दहा पावलांवर माल संपतो आणि नुसता तांबडा जांभा लागतो. हे लक्षात ठेवा, पुढचा हिशेब यावरच आहे.

आपल्या जिल्ह्यातला माल मुख्यतः बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे जात आला आहे. तिथं दगड दळून कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळवतात. पश्चिम घाटातलं बॉक्साईट बहुतांशी गिब्साईट जातीचं, त्यामुळे १४०-१५० अंशांवर काम होतं. बोहमाईट ही दुसरी जात जास्त असली तर २४० अंशांच्या पुढं जावं लागतं. कारखान्याला भीती असते ती चिकणमातीतल्या सिलिकेची, कारण ती किलोमागे साधारण किलोभर कॉस्टिक खाते. म्हणून सिलिका ४-५ टक्क्यांच्या वर गेली की तो माल कारखाना नाकारतो. नाकारलेला माल खाणीवरच ढीग होऊन पडतो. अहवालात "सब-ग्रेड" किंवा "मिनरल रिजेक्ट" असा शब्द शोधा आणि त्याच्यासमोरचा आकडा बघा.

ढोबळ प्रमाण असं : चार ते पाच टन बॉक्साईटमधून दोन टन अ‍ॅल्युमिना, आणि त्यातून एक टन अ‍ॅल्युमिनियम. शेवटच्या पायरीला टनामागे १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची ही अकरा-बारा वर्षांची वीज झाली. कारखान्यात टनभर अ‍ॅल्युमिनामागे टन-दीड टन तांबडा चिखल उरतो. त्याचा सामू १० ते १३, म्हणजे हात भाजेल इतका अल्कधर्मी. हंगेरीतल्या अ‍ॅयका गावाजवळ ४ ऑक्टोबर २०१० ला अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला आणि दहा माणसं गेली. पण हा त्रास कारखान्याच्या गावाचा. तुमच्या गावाला तो नाही, तेव्हा सुनावणीत तिकडे वेळ घालवू नका.

कुंभीकाठ

धन्यवाद सर. आणि पैशाचं?

जांभादगड

धातूसाठी जाणाऱ्या बॉक्साईटची रॉयल्टी दगडाच्या भावावर नसते. दगडात असलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर, लंडन धातू बाजाराच्या दराच्या ०.६० टक्के अशी असते. अ‍ॅल्युमिना ४५ टक्के धरलं तर टनभर दगडात सुमारे २३८ किलो अ‍ॅल्युमिनियम. बाजारभाव टनाला २,५०० डॉलर धरा, म्हणजे ५९५ डॉलरचा धातू. त्याचे ०.६० टक्के साडेतीन डॉलर, डॉलरला ८५ रुपये धरले तर तीनशे रुपये टन. वर्षाला २ लाख टनांचे सहा कोटी. हे राज्य सरकारला. लिलावात बोललेला जास्तीचा हिस्सा वेगळा, तोही राज्यालाच.

गावाशी संबंध येतो तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीचा. १२ जानेवारी २०१५ नंतर लिलावानं दिलेल्या पट्ट्यावर (खाणीच्या भाडेकरारावर) रॉयल्टीच्या १० टक्के, त्याआधीच्या पट्ट्यांवर ३० टक्के. तुमचा नवा पट्टा, म्हणजे वर्षाला साठ लाख. ते गावाच्या खात्यात येत नाहीत, जिल्ह्याच्या पेटीत पडतात. बाधित गाव म्हणून यादीत नाव आणि कामाचा ठराव, दोन्ही पाहिजेत. नाहीतर तुमच्या सड्याच्या पैशातून भलत्याच गावात हायमास्ट दिवा उभा राहतो.

भट्टीवाला_शिरोली

एक पुरवणी जोडतो. सगळंच बॉक्साईट धातूला जात नाही. भाजलेल्या बॉक्साईटपासून उच्च अ‍ॅल्युमिना विटा होतात, भट्टीच्या अस्तराला लागतात. विजेच्या भट्टीत वितळवलं की तपकिरी अ‍ॅल्युमिना मिळतं, कास्टिंग घासायच्या ग्राइंडिंग व्हीलमधले दाणे तेच. सिमेंटमध्ये थोडं पडतं. आणि पाणी निवळायची तुरटी बॉक्साईट आणि गंधकाम्लापासूनच होते. या "धातूशिवायच्या" मालाची रॉयल्टी वेगळी, विक्री किमतीच्या २५ टक्के. म्हणून मसुद्यात विचारा : धातूचा माल किती, बिगरधातू किती? दर वेगळा म्हणून प्रतवारीत गोंधळ घालायला जागा असते.

आणि अ‍ॅल्युमिनियम नवंच लागतं असं नाही. भंगार वितळवायला नव्या धातूच्या साधारण पाच टक्के ऊर्जा लागते. आपल्याकडच्या अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगवाल्यांचा बराच माल भंगारावरच निघतो.

बेंच_डंप

खाण चालते कशी ते सांगतो, म्हणजे अहवालात कुठं फट असते ते कळेल.

वरची माती अर्धा फूट ते दीड फूट. ती काढून बाजूला ठेवायची. मग कडक जांभ्याचं टोपण, मीटरभर ते चार-पाच मीटर. ते रॉकब्रेकरनं किंवा सुरुंगानं फोडतात. त्याखाली बॉक्साईट, हातानं निवडून मोठे-बारीक वेगळे करतात. मोकळ्या झालेल्या खड्ड्यात टोपणाचा दगड परत टाकायचा, वर माती पसरायची. कागदावर एवढंच.

आता ४० हेक्टरचा हिशेब करा. बॉक्साईटची सरासरी जाडी ३ मीटर धरली तर १२ लाख घनमीटर, घनमीटरला २ टनांनी २४ लाख टन. पण वर लिहिलंय तसे कप्पे असतात, निम्मा माल हाती लागला तर १२ लाख. वर्षाला २ लाख टनांनी सहा वर्षांत माल संपला. पट्टा मात्र कायद्यानं ५० वर्षांचा मिळतो. अंतिम बंदीचा आराखडा खाण बंद होताना अमलात येतो, आणि खाण "बंद" नसून "तात्पुरती थांबली" असं दाखवत राहिलं की खड्डा उघडाच राहतो. म्हणून मागणी अशी करा : टप्प्याटप्प्यानं भरणी, एका वेळी उघडी जमीन ८-१० हेक्टरपेक्षा जास्त नको, आणि आधीचा तुकडा भरून माती पसरल्याशिवाय पुढचा तुकडा उघडायचा नाही. ही अट पर्यावरण मंजुरीत लिहून आली तर दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यायच्या सहामाही पूर्तता अहवालात तिचं उत्तर द्यावं लागतं.

माती कशी ठेवतात ते विचारा. ढीग दोन मीटरच्या आत आणि एका पावसाळ्याच्या आत परत पसरला तर तिच्यातलं बी जगतं. पाच मीटरचा ढीग तीन वर्षं पडला की आतली माती मेलेली असते. मग वर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून "हरितपट्टा" म्हणून फोटो काढतात. मुळात सडा जंगल नव्हताच. तो गवताचा आणि पावसाळी फुलांचा आहे, झाडं लावून तो परत येत नाही.

पावसाचं पाणी ही सगळ्यात मोठी गफलत. अहवालात "गार्लंड ड्रेन व सेटलिंग पिट १० × ५ × २ मीटर" असं काहीतरी असेल, म्हणजे खाणीभोवतीचा चर आणि गाळ बसवायचा खड्डा. गुणा स्वतःच. उघडी जमीन १० हेक्टर, पाऊस तासाला १०० मिलिमीटर (गगनबावड्याकडे वर्षाला ५,००० च्या पुढं पडतो, तेव्हा ही सर काही नवलाची नाही), त्यातला ६० टक्के वाहिला तर तासाला ६,००० घनमीटर. म्हणजे मिनिटाला १००. त्यांचा खड्डा १०० घनमीटरचा. एका मिनिटात भरला! गाळ बसायला अर्धा तास पाणी थांबायला पाहिजे, म्हणजे निदान ३,००० घनमीटर : ५० × २० × ३. तोसुद्धा दोन कप्प्यांचा हवा, कारण एक उपसताना दुसरा चालू पाहिजे. याच्याखाली काही असेल तर तांबडा गाळ थेट भातखाचरात उतरणार.

सांगरूळकर

गाड्यांचं कुणी सांगितलं नाही अजून.

बेंच_डंप

तेच लिहीत होतो. पावसाळा सोडून कामाचे २४० दिवस धरा. २ लाख भागिले २४०, दिवसाला ८३० टन. सोळा टनांचा डंपर असेल तर ५२ भरलेल्या खेपा, परतीच्या धरून १०४. दहा तासांत म्हणजे दर सहा मिनिटांना एक डंपर शाळेसमोरून. भार वाढवला तर रस्ता त्या प्रमाणात खराब होत नाही, चौथ्या घातानं होतो. वीस टक्के जादा भरला की नुकसान दुप्पट. म्हणून वजनकाटा खाणीच्या दारात आणि त्याची पावती ऑनलाइन, ही अट गावाच्या फायद्याची.

धुळीवर उपाय म्हणून "दिवसातून चार वेळा पाणी मारणार" लिहितात. सहा किलोमीटर लांब, पाच मीटर रुंद रस्ता म्हणजे ३०,००० चौरस मीटर. चौरस मीटरला एक लिटर धरलं तर एका फेरीला ३०,००० लिटर, चार वेळा १,२०,०००. बारा टँकर रोज. हे पाणी कुठून आणणार ते अहवालात लिहिलंय का बघा. नसेल तर ते तुमच्या झऱ्याचंच.

सुरुंग असतील तर भूकंपमापक यंत्रावर कंपन मोजायची अट घाला. गावातल्या विटा-सिमेंटच्या घरांना कमी वारंवारितेच्या, म्हणजे ८ हर्ट्‌झच्या आतल्या कंपनाला सेकंदाला ५ मिलिमीटर ही खाण सुरक्षा महासंचालनालयाची मर्यादा. आणि खाण सुरू व्हायच्या आधी घरांच्या भिंतींच्या तडांचे तारखेसह फोटो. नंतर पडलेली तड आणि जुनी तड यातला फरक कुणी सांगू शकत नाही.

झरामोजणी

मूळ प्रश्न झऱ्यांचा आहे, आणि वरचं सगळं खरं असलं तरी गावाला शेवटी पाणीच लागणार आहे. तेव्हा सविस्तर लिहितो.

सडा म्हणजे भोकांनी भरलेला दगड. पाऊस त्यात मुरतो आणि खाली उतरत जातो. जांभ्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो, शाडूसारखा, भूगर्भवाले त्याला लिथोमार्ज म्हणतात. तिथं पाणी अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला जिथं तो थर उघडा पडतो तिथं झरा फुटतो. म्हणजे साठवण जांभ्यात आहे, झरा फक्त तोटी. खाण त्या साठवणीचाच भाग काढून नेते.

परिणाम सगळीकडे सारखा होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खड्ड्याचा तळ जांभ्यातच राहिला आणि स्वच्छ असला, तर पहिल्या पावसाळ्यात खड्ड्यात साचलेल्या पाण्यानं झरा वाढलेलाही दिसतो. मग लोक म्हणतात, बघा, काही झालं नाही. दोन-तीन पावसाळ्यांत बारीक तांबडी माती तळाला बसते, भोकं बुजतात, आणि पाणी मुरायचं सोडून वाहून जातं. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा, मार्च-एप्रिलला झऱ्याला धार नाही. आणि खोदकाम चिकणमातीपर्यंत गेलं तर पाणी अडवणारा थरच फाटतो. तिथं उताराला दरड सरकायचा धोका वेगळाच. म्हणून दोन अटी मागा : चिकणमातीच्या वर निदान दोन मीटर जांभा शिल्लक ठेवणे, आणि झऱ्याच्या बाजूच्या कड्यापासून खोदकाम लांब ठेवणे. पट्ट्याच्या हद्दीपासून साडेसात मीटर सोडायचा नियम आहेच, पण झऱ्यासाठी तो काहीच नाही. किती मीटर सोडायचं हे बोअर मारून, चिकणमातीची पातळी काढून ठरवावं लागतं. त्या बोअरच्या नोंदी अहवालाच्या परिशिष्टात असायला पाहिजेत.

आता तुमच्या सारांशात झरे का नाहीत? कारण मूळ स्थितीची नोंद साधारण एका हंगामाची, पावसाळा सोडून, तीन महिन्यांची घेतात, आणि पाण्याच्या रकान्यात विहिरी-बोअरची पातळी टाकतात. झऱ्याला पातळी नसते. तारखा बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर सगळे झरे भरात असतात. ज्या महिन्यात तुमची अडचण होते तो महिनाच अहवालात नाही.

यावर उपाय महागडा नाही. गावानं स्वतः मोजायचं, आणि आजपासून.

झऱ्याच्या तोंडाशी चिखलाचा आणि दगडाचा छोटा बांध घाला, त्यातून दोन इंची पीव्हीसी पाईप काढा. बांधाच्या बाजूनं पाणी झिरपत असेल तर प्लास्टिक कागद खाली दाबून चिखल मारा. सगळं पाणी पाईपातूनच आलं पाहिजे, मोजणी चुकते ती इथंच. रंगाची वीस लिटरची बादली घ्या, पण तिच्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. काट्यावर दहा किलो पाणी तोलून दहा लिटरची खूण करा. मोबाईलच्या स्टॉपवॉचनं ती खूण भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा, सरासरी लिहा. पाच सेकंदांच्या आत भरत असेल तर बादली लहान पडतेय, मोठं पिंप घ्या.

उदाहरण : दहा लिटरला २५ सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.४ लिटर, दिवसाला ३४,५६० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरनं हे सव्वासहाशे लोकांचं पाणी. सुनावणीत "आमचा झरा आटेल" म्हणण्यापेक्षा "एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा झरा सव्वासहाशे माणसांचं पाणी देतो, रस्त्यावर मारायला तुम्हाला लागणारं पाणी त्याच्या साडेतीन पट आहे, बोला" असं म्हणून बघा.

आठवड्याला एकदा, ठरल्या वारी, शक्यतो सकाळी. सोबत पावसाची नोंद : सरळ उभ्या भिंतीच्या डब्यात फूटपट्टी बुडवून मिलिमीटर मोजले तरी चालतं, पण डबा झाडाखाली नको. वहीत तारीख, वेळ, सेकंद, मोजणाऱ्याची सही. महिन्याला एकदा ग्रामसेवकाची सही आणि शिक्का. झऱ्याचं ठिकाण जीपीएसनं. तीन महिन्यांनी प्रत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात देऊन पोच घ्या. एवढं असेल तर ती गावाची वही न राहता पुरावा होतो. खाण सुरू झाल्यावर मोजायला लागलात तर काही उपयोग नाही, कारण आधी किती होतं हे तुमच्याकडं नाही, आणि त्यांच्याकडं असलं तरी ते देणार नाहीत.

गेंद_आणि_आसवं

झऱ्यांसारखंच फुलांचं. वनस्पतींची यादी कोणत्या महिन्यात केली ते बघा. मार्च-एप्रिलला सडा जळक्या गवताचा दिसतो आणि अहवालात "खुरटे गवत, पडीक" असं येतं. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, कंदीलपुष्पाच्या जाती हे सगळं जुलै ते ऑक्टोबरमध्ये. पावसाळी पाहणी झाली नसेल तर ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. गव्यांच्या वाटा आणि पाणवठे गावातले गुराखी नकाशावर दाखवतील. राधानगरी ते चांदोली हा जंगलाचा दुवा आहे, आणि अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. अंतर मोजून घ्या, अहवालातला आकडा मानू नका.

सांगरूळकर

पण भावांनो, अ‍ॅल्युमिनियम कुणाला नकोय? विजेच्या तारा, रेल्वेचे डबे, घरातली भांडी. कुठंतरी खणावं लागणारच की.

जांभादगड

खणावं लागणार, बरोबर. पण देशातला सगळ्यात मोठा साठा आणि उत्पादनाचा मोठा वाटा ओडिशाचा आहे, एकट्या कोरापूटच्या पंचपटमाळी डोंगरावरच प्रचंड साठा आहे. आपले सडे लहान, कप्प्यांचे, आणि त्यांच्या खाली नद्यांचे उगम. तुमच्या ४० हेक्टरमधून सहा वर्षांत काढलेल्या १२ लाख टनांतून जेमतेम अडीच-तीन लाख टन अ‍ॅल्युमिनियम. तेवढ्यासाठी तीन झऱ्यांचा सौदा करायचा का, हा गावाचा प्रश्न. माझं मत विचाराल तर चिकणमातीची पातळी दाखवणारे बोअर झाल्याशिवाय होकार द्यायचा नाही.

कलम_अठ्ठेचाळीस

कायद्याचं थोडक्यात, कारण यात अफवा फार.

सातबारा तुमच्या नावावर असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार खनिज सरकारचं. तुम्हाला मिळते ती पृष्ठभागाची भरपाई. संमतीपत्रावर सही करताना मुदत, वार्षिक रक्कम, आणि "जमीन किती खोलीवर, किती मातीसह परत" ही तीन वाक्यं नसतील तर सही नको.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत गावाचं नाव आहे का ते आधी बघा. कस्तुरीरंगन समितीच्या अहवालानंतर केंद्रानं १३ नोव्हेंबर २०१३ च्या आदेशानं त्या गावांत नव्या खाणीला मनाई केली. ३१ जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर आहे, गावांच्या याद्या जोडलेल्या आहेत. यादीत गाव असेल तर वरची सगळी चर्चा तिथंच थांबते.

जनसुनावणी हे मतदान नाही. तिला कोरम नसतो. दोन हजार लोक आले काय आणि वीस आले काय, इतिवृत्तात काय लिहिलं गेलं तेवढंच दिल्लीत किंवा मुंबईत वाचलं जातं. सभा उधळली की तुमचे मुद्दे नोंदलेच जात नाहीत, हे पक्कं ध्यानात ठेवा. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नसलेला प्रतिनिधी. कामकाजाचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ते वाचेपर्यंत कुणीही उठायचं नाही. तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथंच हात वर. शिवाय लेखी हरकत आधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. नोटीस आणि सुनावणी यांत ३० दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर ती पहिली हरकत.

ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साईट खाणीचं उदाहरण हटकून कुणीतरी देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर तिथल्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली हे खरं, पण तो वनहक्क कायद्याचा मुद्दा होता. तुमचा सडा वनजमीन असेल किंवा त्यावर सामूहिक वनहक्काचा दावा असेल तरच तो रस्ता. गायरान किंवा मालकी असेल तर त्या निकालावर विसंबून राहू नका.

कुंभीकाठ

सगळ्यांचे आभार. तारखा बघितल्या : पाण्याची नोंद ऑक्टोबर ते डिसेंबरची आहे. यादीत गावाचं नाव नाही. सेटलिंग पिट १२ × ६ × २. आणि बोअरच्या नोंदी परिशिष्टात नाहीत, फक्त "लिथोमार्ज सुमारे ८ मीटरवर" असं एक वाक्य.

एक अडचण : तिसरा झरा एका जागी फुटत नाही. वीस-पंचवीस फुटांच्या पट्ट्यात झिरपतो आणि खाली ओहोळ होतो. त्याला बादली कशी लावणार?

झरामोजणी

त्याला व्ही-नॉच. अर्धा इंची वॉटरप्रूफ प्लायचा तीन बाय दोन फुटांचा तुकडा, वरच्या कडेला बरोबर ९० अंशांची व्ही आकाराची खाच, सहा इंच खोल. खाचेची कड पातळ पत्र्यानं धारदार करा, जाड कडेला पाणी चिकटून खाली घसरतं आणि आकडा चुकतो. ओहोळ सरळ वाहतो तिथं फळी उभी गाडा, लेव्हल लावून वरची कड आडवी सरळ करा, बाजूंना आणि तळाला चिखल. पाणी खाचेतून मोकळं खाली पडलं पाहिजे, खालच्या पाण्यात बुडता कामा नये.

उंची मोजायची ती खाचेत नाही, तिथं पाणी वाकलेलं असतं. फळीच्या मागं दोन-अडीच फुटांवर खुंटी ठोकून तिचा माथा खाचेच्या टोकाच्या पातळीत आणा आणि तिथून पाण्याची उंची फूटपट्टीनं घ्या. मीटरमधल्या उंचीचा अडीचावा घात गुणिले १.३८, उत्तर सेकंदाला घनमीटर. गणित नको असेल तर दोन आकडे लक्षात ठेवा : ५ सेंटिमीटरला सेकंदाला पाऊण लिटर, १० सेंटिमीटरला जवळपास साडेचार. मागं गाळ साचला की आधी तो काढा, पाणी स्थिर व्हायला अर्धा तास द्या, मग मोजा. आणि सहा-सात मीटरच्या पट्ट्यात झिरपतोय म्हणजे तो चिकणमातीच्या माथ्यावरूनच येतोय. त्या रेषेची उंची जीपीएसवर न घेता सर्वेअरकडून लेव्हल लावून घ्या, सड्याच्या माथ्यापासून किती खाली आहे ते काढा, आणि अहवालातल्या "सुमारे ८ मीटर" शेजारी ठेवा.